फळ्याकडे तोंड करून बोलणारी टीचर

गेल्या वर्षी रमजानच्या खरेदीसाठी बाजारात गेले होते. खजुराच्या गाडीपाशी एक तरुण बाई समोर आली. कडेवर मूल, हातात औषधाची बाटली. "टीचर, ओळखलंत?" मी ओळखलं नव्हतं. तिने नाव सांगितलं तेव्हा आठवली. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या नगरपरिषदेच्या उर्दू शाळेत माझ्या वर्गात होती. पाचवीनंतर तिची शाळा सुटली.

तिने बाटली पुढे केली. "एवढं वाचून सांगा ना, दिवसातून किती वेळा द्यायचं?" मी वाचून सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "अगं, पाच वर्षं शाळेत होतीस ना?" ती हसली. माझ्या ओठांकडे बघत होती, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणाली, "टीचर, मला लहानपणी कमी ऐकू यायचं. कान वाहायचा. घरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण अम्मी म्हणायची, कुणाला सांगू नको, पुढे लग्नाला अडचण येईल. तुमचं बोलणं मला समोर असताना कळायचं. पण तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलायचात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मी घरी आले तेव्हा खजूर घ्यायचे राहून गेले होते.

त्या मुलीच्या प्रगतिपत्रकावर मी दोन वर्षं काय लिहिलं होतं ते मला पक्कं आठवतं. 'वर्गात लक्ष देत नाही. सुधारणा आवश्यक.' सुधारणा कुणात आवश्यक होती, हे मला पुढे पाच-सहा वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये कळलं. तोवर ती शाळेतून गेली होती. हा लेख त्या ट्रेनिंगविषयी आहे. शिक्षकांच्या ट्रेनिंगशी आपला काय संबंध, असं पालकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत येतो.

'आज टीचर नाहीत, ट्रेनिंगला गेल्यात'

हे वाक्य प्रत्येक पालकाने ऐकलेलं आहे. त्यावर बहुतेकांची प्रतिक्रियाही ठरलेली: पगार घेतात आणि चहा-नाश्ता करून येतात. काही वेळा ते खरंही असतं. पण आधी ही व्यवस्था काय आहे ते पाहू.

डी.एड. किंवा बी.एड. करून शिक्षक नोकरीला लागतो. मी डी.एड. करून लागले आणि नोकरी करता करता बी.एड. केलं. दिव्यांग मुलांविषयी त्या अभ्यासक्रमात एक प्रकरण होतं. परीक्षेत त्यावर एक टीप यायची, ती पाठ केली आणि विसरले. नोकरीत असताना जे शिकवलं जातं त्याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतात. आपल्या राज्यात त्याची आखणी पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आम्ही ज्याला 'डाएट' म्हणतो ती, तालुक्यात गट साधन केंद्र, आणि त्याखाली दहा-बारा शाळांचं एक केंद्र. केंद्रात शिक्षण परिषद भरते, तिथे आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. याशिवाय १२ आणि २४ वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने 'निष्ठा' नावाचा कार्यक्रम सुरू केला. देशभरातल्या सुमारे ४२ लाख प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचायचं असं त्याचं उद्दिष्ट होतं. करोनात तो 'दीक्षा' या ॲपवर आला. १८ भाग होते आणि त्यांत समावेशित वर्ग हा विषय होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास शिकावं असं म्हटलं आहे. म्हणजे कागदावर शिक्षकाचं शिकणं थांबत नाही. प्रश्न आहे तो त्या तासांत काय घडतं, हा.

आरशातला उतारा

करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. मी कंटाळतच गेले. पहिला दिवस नेहमीसारखा गेला: उद्घाटन, फोटो, हजेरी, पडद्यावर भराभर सरकणारी पानं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या विशेष शिक्षिका आल्या. त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर सहा ओळींचा मराठी उतारा होता, पण आरशात दिसतो तसा उलटा छापलेला.

त्या म्हणाल्या, "एका मिनिटात मोठ्याने वाचा. अडखळलात तर पुन्हा पहिल्यापासून."

माझा नंबर आला. चाळीस लोक बघत होते. मी पहिल्या ओळीतच तीनदा अडले. मागून कुणीतरी हसलं. बाई मुद्दाम चढ्या आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं नोकरी करता आणि एवढं वाचता येत नाही? लक्ष कुठे आहे तुमचं?"

हे माझेच शब्द होते. मी वर्गात हेच म्हणत असे. माझे हात थंड पडले. मग बाईंनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "मॅडम, आता मी तुम्हाला हा उतारा दहा वेळा लिहायला लावला तर तुम्हाला वाचता येईल का?" मी नाही म्हणाले. "मग आपण मुलांना का लावतो?"

त्या दिवशी मला दोन मुलं आठवली. एक ती, जी पाचवीत शाळा सोडून गेली. दुसरा त्याच वेळी माझ्या वर्गात बसत होता.

नुक्त्यांचा घोटाळा

तो पाचवीत होता. अब्बूंच्या हार्डवेअरच्या गाड्यावर संध्याकाळी बसायचा आणि पाचशेच्या नोटेचे सुट्टे पैसे माझ्याआधी मोजायचा. पण वहीत लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येत नसे. मी त्याला मधल्या सुट्टीत बसवून एकच धडा पुन:पुन्हा उतरवायला लावत होते. मग तो आठवड्यातून दोन दिवस येईनासा झाला.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी उर्दू शिकलेली आहे, म्हणून हे थोडं उलगडून सांगते. उर्दूत बे, पे, ते, से या अक्षरांचं अंग एकच असतं. फरक फक्त वर-खाली दिलेल्या नुक्त्यांचा. जीम, चे, हे, खे यांचंही तसंच. शिवाय तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं दिसतं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. जेर, जबर, पेश बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, ते अंदाजाने वाचायचे असतात. आणि आमच्या शाळेतलं मूल एका तासाला उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितं, पुढच्या तासाला मराठी डावीकडून उजवीकडे. मराठीत त्याला ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि जोडाक्षरं अडवतात, इंग्रजीत 'बी' आणि 'डी' उलटसुलट होतात. बहुतेक मुलं हे सगळं सांभाळतात. पण ज्या मुलाच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणंच जड जातं, त्याची तीनही लिप्यांत कोंडी होते. याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. 'तारे जमीन पर' हा २००७ चा सिनेमा याच विषयावर होता. तो मी पाहिला होता, रडलेही होते. पण सिनेमातला मुलगा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला आहे, हे मला दिसलं नव्हतं. नुक्त्याची चूक म्हणजे आळस, अशी माझी पक्की समजूत होती.

ट्रेनिंगहून आल्यावर मी फार मोठं काही केलं नाही. नुक्ते रंगीत खडूने द्यायला लागले. त्याला रेतीत बोटाने अक्षर काढायला आणि नुक्ते मोठ्याने मोजायला लावलं. उतरवून काढणं बंद केलं. इतिहास-भूगोलाची उत्तरं तोंडी विचारली. तोंडी उत्तरांत तो वर्गात पहिल्या पाचांत असायचा. सगळ्यात आधी त्याच्या घरी गेले. त्याची अम्मी दारातच म्हणाली, "टीचर, तुम्हीच तर लिहून पाठवलं होतं, याचं लक्ष नाही म्हणून. याच्या अब्बूंनी दोनदा मारलं त्यावरून." मी माफी मागितली. शिक्षकाने पालकांची माफी मागावी असं कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत, पण मागावी लागते.

मध्ये करोना आला, तपासण्या लांबल्या. सातवीत त्याला प्रमाणपत्र मिळालं. चाचणी घेणाऱ्यांकडे मराठी आणि इंग्रजीचे उतारे होते, उर्दूचे नव्हते, त्यामुळे दोन खेपा जास्त झाल्या. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळाला. पास झाला. आता आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो.

कायदा काय देतो

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात २१ आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही आता त्यात येतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलांचा वंचित गटात समावेश झाला आणि तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचाही हक्क मिळाला. म्हणून 'अशा मुलाला आम्ही घेत नाही' असं शाळा म्हणू शकत नाही.

याच कायद्याने शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २०१८ मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेची पहिली चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी वर्गशिक्षकानेच करायची असं ठरलं. त्यासाठी एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाची तपासणी सूची आणि ॲप तयार केलं आहे. शिक्षक त्यात निरीक्षणं भरतो, पुढे विशेष शिक्षक आणि डॉक्टर बघतात. शिक्षकाने निदान करायचं नसतं. ते डॉक्टरांचं काम. शिक्षकाने फक्त वेळेत पाहायचं आणि पुढे पाठवायचं असतं. पण पाहायला शिकवलंच नसेल तर ॲप असून काय उपयोग?

घरची लपवाछपवी

शिक्षकांबद्दल एवढं लिहिलं, आता आपल्या घरांबद्दलही लिहिते. त्या मुलीच्या अम्मीने लग्नाच्या काळजीने बहिरेपणा लपवला. ती एकटी नाही. कुणी ताविज बांधतं, कुणी 'मोठा झाला की सुधारेल' म्हणतं, कुणी पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत बसवतं. अल्लाहची मर्जी म्हणून आपण मूल स्वीकारतो, आणि मग लाज वाटून तेच मूल झाकतो.

अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. कुरआनच्या ८० व्या सूरहची सुरुवात त्यांच्याच प्रसंगाने होते, हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असतं. तेच सहाबी पुढे मदिनेत अजान देत, आणि प्रेषित मुहम्मद (स.) बाहेरगावी जात तेव्हा मदिनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली होती. त्यांना आतल्या खोलीत बसवलं नव्हतं. हे आठवलं तर ताविज बांधण्याआधी कानाच्या डॉक्टरकडे जाणं सोपं व्हावं.

आणखी एक गोष्ट मला ट्रेनिंगमध्ये कळली, ती सांगते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण उर्दू ब्रेल मराठी ब्रेलसारखंच डावीकडून उजवीकडे वाचतात. सहा ठिपक्यांत सगळी अक्षरं बसतात. म्हणजे अंध मुलाला एकदा ब्रेलची सवय झाली की उर्दू आणि मराठीसाठी हात उलटसुलट फिरवावा लागत नाही.

ट्रेनिंगचं कुठे चुकतं

खरं सांगायचं तर मी केलेल्या वीसेक प्रशिक्षणांपैकी मला बदलणारं ते एकच. बाकीच्यांचं काय झालं? एक तर ती साखळीने उतरतात. राज्यात दहा दिवस शिकलेला माणूस जिल्ह्यात पाच दिवस शिकवतो, जिल्ह्यातून आलेला तालुक्यात दोन दिवस, आणि केंद्रात पोहोचेपर्यंत एका दुपारचं भाषण उरतं. ऑनलाइन प्रशिक्षणात मोबाइलवर व्हिडिओ लावून आम्ही भाकऱ्या भाजलेल्या आहेत. शेवटी प्रश्न सोडवले की प्रमाणपत्र मिळतं. उर्दू शाळेच्या शिक्षकांना मराठी साहित्य देतात. मला अडचण येत नाही, पण शेजारी बसलेल्या आपांना मी अर्ध्या गोष्टी कुजबुजत सांगत असते. आणि नुक्त्यांचा घोटाळा मराठी पुस्तिकेत येणार कुठून?

दुसरी अडचण मागे कुणी नसण्याची. विशेष शिक्षक आपल्याकडे वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले. एकीकडे अनेक शाळा, त्यामुळे एका मुलापाशी त्या महिन्यातून एकदा पोहोचल्या तरी खूप. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सामान्य शाळांसाठी प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. ते प्रमाण आमच्या केंद्रापासून अजून फार लांब आहे. आणि जिथे शिक्षक निवडणूक, जनगणना, निरनिराळ्या याद्या यांत अडकलेला असतो, तिथे पाच दिवसांत शिकलेलं सहाव्या दिवशी वापरायला सवड लागते.

मला विचाराल तर प्रशिक्षण हॉलमध्ये नको, शाळेत हवं. विशेष शिक्षिका माझ्या वर्गात दिवसभर बसावी, माझ्याच मुलांकडे बघून मला सांगावी, आणि महिन्याने परत येऊन काय झालं ते विचारावी. चार व्हिडिओंपेक्षा एवढ्याने जास्त होईल.

पालकांनी काय करावं

पुढची शिक्षक-पालक सभा असेल तेव्हा 'ट्रेनिंगला का गेलात' असं विचारू नका. 'ट्रेनिंगमध्ये काय शिकलात आणि माझ्या मुलाच्या वर्गात त्यातलं काय करणार' असं विचारा. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घेण्याचा अधिकार तुमचाच आहे. आपल्या केंद्राचे विशेष शिक्षक कोण आणि ते कोणत्या दिवशी येतात, हेही तिथेच विचारा.

मूल टीव्हीचा आवाज वाढवतं का, हाक मारल्यावर एकाच बाजूने वळतं का, कान वाहतो का, पुस्तक डोळ्यांजवळ धरतं का, बोलताना हुशार पण लिहिताना गोंधळतं का, हे बघा आणि शाळेला सांगा. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. कित्येकदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, तपासणी शासकीय रुग्णालयात होते. मुंबईत अध्ययन अक्षमतेची तपासणी शीव आणि नायर रुग्णालयांत होते. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे १० महिन्यांचा भत्ता आहे, शिवाय गरजेप्रमाणे प्रवास आणि मदतनीस भत्ता आणि साधनं मिळतात. बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, पण त्यासाठी कागद आधीच तयार लागतात. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ करून ते होत नाही. आठवीपासून सुरुवात करा.

आणि प्रमाणपत्राला घाबरू नका. प्रमाणपत्राने मूल दिव्यांग होत नाही. ते आधीपासून जसं आहे तसंच असतं, फक्त त्याच्या हातात हक्काचा कागद येतो.

बाजारात भेटलेल्या त्या मुलीला मी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पडद्याचं जुनं दुखणं निघालं. उपचार चालू आहेत, किती फरक पडेल ते सांगता येत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती माझ्याकडे वाचायला येते. औषधाच्या बाटलीवरची मराठी तिला आता सावकाश का होईना, वाचता येते.

मी वर्गात आधी फळ्यावर लिहिते, खडू ठेवते, मुलांकडे वळते आणि मग बोलते. यासाठी पैसे लागत नाहीत, ॲप लागत नाही. हे मला कुणीतरी चौदा-पंधरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.